पोस्टिंगवर गेलेल्यांची नावे काढणे

१८ जानेवारी १९९८, रविवार

आज बूथवर यांचा फोन आला. लाइन खरखरत होती, पण जे ऐकायचं नव्हतं ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. क्वार्टरची मुदत एकतीस मेला संपते आणि वाढवून मिळणार नाही. तेव्हा सोनमला सुट्टी लागली की सामान बांधायचं आणि गावी जायचं. "आई फेब्रुवारीत येतीय तिकडं. तिच्याबरोबरच ये परत," म्हणाले. मी म्हटलं, अहो, माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमा मेमध्येच पुरा होतोय. तर म्हणाले, "मग काय अडचण आहे? सर्टिफिकेट घेऊन ये की."

खटावात त्या सर्टिफिकेटात चटणीची पुडी बांधू का?

हे काश्मीरला, फील्डवर. फील्डवर गेलेल्यांच्या बायकामुलांना दिल्ली कँटोन्मेंटमध्ये राहायला वेगळी क्वार्टर्स देतात, तीही मोजक्या मुदतीची. मी हवालदाराची बायको, बी.कॉम. दुसऱ्या वर्षातून उठून बोहल्यावर चढलेली. ते अर्धवट राहिलं, ते अजून सलतं. म्हणून हे अर्धवट सोडायचं नाही. आमच्या क्लासचे राजवीर सर म्हणाले आहेत की प्रोजेक्ट चांगला झाला तर उद्योग विहारातल्या एका कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत ते माझं नाव सुचवतील. नोकरी लागली तर भाड्याची खोली घेऊन इथेच राहता येईल आणि सोनमची शाळाही सुटणार नाही. सगळं मेच्या आत व्हायला हवं.

ही वहीसुद्धा सरांमुळेच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रोज काय केलं, कुठे अडलं ते लिहून ठेवावं म्हणतात. त्यांना प्रोग्रॅमबद्दल म्हणायचं होतं. माझं दोन्ही एकातच चाललंय.

२७ जानेवारी

फ्लोचार्ट. चौकट म्हणजे काम, शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे प्रश्न. प्रश्नातून दोनच वाटा निघतात, हो आणि नाही. वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची पोरं एटीएमचा फ्लोचार्ट काढत होती. मी एटीएम अजून पाहिलेलं नाही. मी गॅस सिलिंडर बुक करण्याचा काढला. 'नंबर लागला का?' नाही. 'मॅडमची ओळख आहे का?' नाही. परत रांगेत.

सरांनी तो फळ्यावर लावला. मागून एकजण म्हणाला, "वाह आंटी!" मी वळून सांगितलं की आंटी घरी, इथे सुकन्या. लॅबबाहेर चपलांच्या ढिगात माझ्या चपला नेहमी तळाशी जातात, कारण मी सगळ्यांच्या आधी येते.

५ फेब्रुवारी

आज टेबल. आडव्या ओळी, उभे रकाने. प्रत्येक ओळीला एक किल्ली हवी, म्हणजे अशी खूण जी दुसऱ्या कुणाची नसेल. यात शिकवण्यासारखं काय आहे? फौजेत प्रत्येक जवानाला नंबर असतो आणि तो मरेपर्यंत तोच राहतो. मी हात वर करून सांगितलं. सर खूश झाले.

दुसरी गंमत म्हणजे डिलीट. डिलीट म्हटलं तरी फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे आम्ही शिकतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, ओळ जात नाही, तिच्यावर नुसती खूण होते. रिकॉल म्हटलं की खूण निघते. पण पॅक म्हटलं की खूण केलेल्या सगळ्या ओळी कायमच्या गेल्या. "पॅक करने से पहले दस बार सोचना," सर म्हणाले. पोरांनी वहीत लिहून घेतलं. मी नाही लिहिलं, लक्षात राहण्यासारखंच आहे.

१२ फेब्रुवारी

आत्या आल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. गोवा एक्स्प्रेस चार तास उशिरा, निजामुद्दीनला थंडीने माझे दात वाजत होते आणि या बाई ज्वारीच्या पिठाचं पोतं डोक्यावर घेऊन हमालाशी मराठीत भांडत उतरल्या. हमालाला सगळं समजलं.

घरी येऊन चहा घेतला आणि पहिला प्रश्न: "आज काय शिकलीस?" मी चाटच पडले. रीतसर हजेरी घ्यायला आल्यात म्हणायच्या. मी तिरसटपणे सांगितलं, टेबल, ओळी, किल्ली, डिलीट, पॅक. मुद्दाम काहीच सोपं करून सांगितलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे खूण केली तवर माणूस परत आणता येतंय."

"ओळ, आत्या. माणूस नाही."

"व्हय, ओळ."

२६ फेब्रुवारी

प्रोजेक्ट मिळाला, आणि तोही घरापासून पाच मिनिटांवर. आमच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये एक कॉम्प्युटर धूळ खात पडलाय. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावतात, बाकी वर्षभर कापडी झाकण. मेजर साहेबांच्या मिसेस, देविका मॅडम, सेंटर बघतात. त्या मराठीच, पण जन्म करोलबागचा, त्यामुळे त्यांचं मराठी अर्ध्या वाटेत गाडी बदलतं.

"सुकन्या, मला बिल्कुल सिंपल हवंय. कोण सिलाई क्लासला येतं, कोणाच्या मुलांना टीके द्यायचेत, कोणाला मशीन द्यायचीय. आणि ते पोस्टिंगवर जातात ना, त्यांना काढायला सोपं हवं यार. नाहीतर लिस्ट लांबच लांब होते."

मी म्हटलं, होऊन जाईल मॅडम. सेंटरच्या रजिस्टरात दोनशेवर कुटुंबं आहेत. जवानाचा नंबर ही किल्ली. मग रँक, नाव, पलटण, ठिकाण, पत्नीचं नाव, मुलं, सिलाई क्लास, लसीकरण. एकच टेबल, सुटसुटीत. सरांनी डिझाइन कागदावर काढून आणायला सांगितलं होतं, पण मला ते इतकं स्वच्छ दिसतंय की कागदाची गरज वाटत नाही. उद्यापासून टायपिंग.

७ मार्च

सोनमची परीक्षा चालू आहे. मी तिला विचारलं, "बाळा, उंबरठा म्हणजे काय?" तर म्हणाली, "पता नहीं आई." आत्या हसल्या, मला रडू आलं. गावी गेली तर तिला उंबरठा येईल, एवढा एक मुद्दा गावाच्या बाजूने.

आत्या हल्ली दुपारी शेजारच्या द्वारकावहिनींबरोबर बाहेर जातात. मंदिरात, म्हणतात. आज परत आल्या तर कपाळाला अंगारा नाही, हातात प्रसाद नाही, पाय मात्र पोटरीपर्यंत धुळीने भरलेले. कुठलं मंदिर ते विचारलं तर "लांब हाय" एवढंच. दोघी कुठेतरी बसून माझ्यावर तोंडसुख घेत असणार. घेऊ देत. माझं दीडशे कुटुंबांचं टायपिंग झालंय.

१५ मार्च, रविवार

यांचा फोन. सामानाची यादी सांगत होते: कपाट विकून टाक, गॅस परत कर. मी 'हं हं' केलं. आत्यांनीही बोलून घेतलं, पण बूथच्या काचेआड, माझ्याकडे पाठ करून.

घरी आल्यावर विचारतात, "गॅसची टाकी आपल्यासंगं नेता येती का?" गावी नेण्याचे बेत सुरू झालेसुद्धा! मग म्हणाल्या, "पोरीचा शाळेचा दाखला काढलास?" म्हटलं, अजून नाही. "काढू नगं इतक्यात." आता यात काय डाव असेल? गावच्या शाळेतले हेडमास्तर यांच्या नात्यातले आहेत, ते दाखल्याशिवायही घेतील. दिवसभर भांडी जरा जोरात आपटली, तेवढंच.

२८ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिणार.

आज सेंटरमध्ये प्रात्यक्षिक होतं. राजवीर सर फरीदाबादहून स्कूटरवर आले. देविका मॅडम, दहा-बारा बायका, मागे बाकावर सोनमला मांडीवर घेऊन आत्या. मी मेन्यू दाखवला. एक, नवीन नाव घालणे. दोन, यादी पाहणे. तीन, पोस्टिंगवर गेलेल्यांची नावे काढणे. बायका "अगं बाई" करत होत्या. मॅडम म्हणाल्या, "तीन नंबर करून दाखव ना!"

मी तीन दाबलं. ज्यांचं ठिकाण दिल्ली नाही त्या सगळ्या ओळींवर खूण, आणि पाठोपाठ पॅक, एका दमात, सगळं आपोआप. मीच तसं बांधलं होतं. लिस्ट क्षणात आखूड झाली. टाळ्या झाल्या. त्या आनंदात मी तीच फाइल फ्लॉपीवरच्या जुन्या नकलेवरही उतरवून ठेवली.

मग मॅडम म्हणाल्या, "अच्छा, आता सिलाई क्लासची लिस्ट." लिस्ट आली. मॅडमनी वाचली आणि भुवया चढवल्या. "सुकन्या, तू स्वतः कुठेयस?"

मी माझं नाव शोधलं. नॉट फाउंड. पुन्हा शोधलं. नॉट फाउंड. द्वारकावहिनींचं शोधलं, तेही नाही. यांची पोस्टिंग काश्मीर. द्वारकावहिनींच्या मालकांची आसाम. नवरे दिल्लीत नाहीत म्हणून त्यांच्या ओळी गेल्या, आणि त्या ओळींच्या शेपटाला बांधलेल्या आम्ही बायका, आमची पोरं, त्यांचे टीके, सगळं गेलं. ज्या बायका एकट्या राहतात, ज्यांना सेंटरची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच.

"म्हंजे मला आता मशीन मिळणार न्हाई का?" द्वारकावहिनींनी विचारलं. सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण मी फ्लॉपी शोधत होते.

फ्लॉपी घातली. तिच्यावरही आखूडच यादी, मीच आत्ता उतरवलेली. चांगल्या नकलेवर मी स्वतःच्या हाताने बोळा फिरवला होता.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सुकन्या जी, लिस्ट किसकी बनानी थी?"

"औरतों की, सर."

"और टेबल किसका बनाया?"

मी फ्लॉपी काढून घेतली. मग म्हणाले, "फेल नहीं कर रहा. पर पास भी नहीं कर सकता. इक्कीस अप्रैल को फिर देखूँगा." कंपनीचं नाव त्यांनी काढलं नाही.

घरी येताना आत्या सोनमचा हात धरून पुढे चालत होत्या. आज त्यांनी 'काय शिकलीस' हे विचारलं नाही. मनातून सुटल्यासारखं झालं असेल त्यांना.

३० मार्च

काल रविवार, फोनचा दिवस. यांनी फोनवर विचारलं तर "ठीक चाललंय" म्हणून सांगितलं. आज पहाटे उठून कणीक मळताना विचार करत होते आणि एकदम संताप आला. कुणाचा, तर माझाच. या कँटोन्मेंटमध्ये दवाखान्यात, कँटीनमध्ये, शाळेत मला 'हवालदार महेश की वाइफ' म्हणतात, आणि दर वेळी मला ते टोचतं. आणि मला कोऱ्या पडद्यावर हवं ते मांडायची मुभा मिळाली तर मी काय केलं? यांना ओळ दिली आणि स्वतःला त्यांच्या ओळीत एक रकाना दिला. मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं काही सुचलंच नाही.

तर आता कागद. सर म्हणाले होते ते, आधी कागद.

दोन टेबलं. पहिलं बायकांचं. प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक, तो कुणाच्या पोस्टिंगने, बढतीने, कशानेही बदलणार नाही. त्यात तिचं नाव, पत्ता, तिला काय हवं. दुसरं जवानांचं, त्यांच्या नंबराने. बाईच्या ओळीत जवानाचा नंबर, एवढाच दोन टेबलांमधला धागा. जवान काश्मीरला गेला तर त्याच्या ओळीत ठिकाण बदलायचं आणि बाईच्या ओळीला हात लावायचा नाही. प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची. आणि जवानाच्या नंबराचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, कारण काही जणींचा जवान आता नाही.

मेन्यूतला तीन नंबर मी खोडला. त्या जागी लिहिलं: 'जवानाचे ठिकाण बदलणे'. पॅक मेन्यूतून हद्दपार.

९ एप्रिल

गेलेली नावं पुन्हा टाइप करायची म्हणजे एकीने रजिस्टर वाचायला हवं आणि एकीने टाइप करायला. मी एकटी एक ओळ वाचून दोन चुकत होते. सोमवारी आत्या सेंटरमध्ये आल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आण हिकडं. चौथी शिकलीया मी."

तेव्हापासून रोज दुपारी त्या वाचतात. रजिस्टर हिंदीत आहे, पण अक्षर तेच. त्या नावावर बोट ठेवतात, सावकाश वाचतात आणि वर शेरा मारतात. "कमला देवी. ही लंगडणारी, तिसऱ्या ब्लॉकातली. सुरजीत कौर. हिनं मला परवा लोणचं दिलं." दोन महिन्यांत या बाईला क्वार्टर्सची अख्खी लाइन माहीत झाली आहे. मी चार वर्षं इथे आहे आणि मला निम्म्या माहीत नाहीत.

त्यांना एवढी घाई का, ते कळतं मला. लवकर संपलं की लवकर गाडीत बसता येईल. काहीही असो, कामाला आल्या.

१३ एप्रिल

शेवटचं नाव घातलं, दोनशे तेरा. आत्यांनी रजिस्टर मिटलं. "झाल्या समद्या?"

"झाल्या."

"दुसरं कुनी ऱ्हायलं न्हाई न्हवं?"

मी रजिस्टर पुन्हा चाळलं आणि म्हटलं, नाही, कुणी नाही. त्या पदराने चष्मा पुसत तिथेच उभ्या राहिल्या, पडद्याकडे बघत. दमल्या असतील. मी मशीन बंद केलं तेव्हा कुठे निघाल्या.

२१ एप्रिल

पास!

सरांनी या वेळी स्वतःच कीबोर्ड ओढून घेतला आणि मोडायचा जितका म्हणून प्रयत्न करता येईल तितका केला. एकाच बाईला दोनदा घालून पाहिलं. जवान नसलेली बाई घालून पाहिली. मग यांचाच नंबर शोधून विचारलं, "इनको कहाँ भेज दूँ?" मी म्हटलं, "जहाँ मर्ज़ी, सर." त्यांनी यांना राजस्थानात पाठवलं. मग सिलाई क्लासची यादी काढली. सुकन्या फडतरे, जागच्या जागी. द्वारकावहिनी, जागच्या जागी. वहिनींनी स्वतःच्या नावासाठी टाळ्या वाजवल्या.

"अब ठीक है," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप. मग स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, मंगळवारी दहा वाजता उद्योग विहार, मी फोन करून ठेवतो. मी सेंटरच्या मागे जाऊन रडून घेतलं. बरं वाटलं.

२८ एप्रिल

मुलाखत. त्यांचं गोदामाचं टेबल दाखवून विचारलं, यात काय चूक आहे? कापड देणाऱ्याचा पत्ता प्रत्येक गठ्ठ्याच्या ओळीत पुन्हा पुन्हा लिहिलेला. मी म्हटलं, त्याने दुकान बदललं तर काय कराल? आणि शेवटचा गठ्ठा विकला गेला तर त्याचा पत्ता कुठे शोधाल? ते एकमेकांकडे बघायला लागले. माझं तर भाजून झालेलं, मला विचारतात!

घेतलं. एक जूनपासून.

आता घरात सांगायचं कसं? आत्यांना आनंद झाल्याचं दाखवावं लागेल, बिचाऱ्यांना. रविवारी फोनवर यांच्याशी मीच बोलणार. आधी मी, मग त्या. खोली अजून पाहिलेली नाही. एकटी बाई, मूल बरोबर, नवरा फील्डवर, कोण देणार? पण मी जाणार नाही. हे ठरलं.

३ मे, रविवार

फोन आला. मी सांगितलं. यांनी कंपनीचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "सुकन्या, नोकरी चांगलीच आहे गं. पण तू एकटी, पोरीला घेऊन, कुठल्या खोलीत राहणार? कोण बघणार तिच्याकडं? मी इथं, जीव टांगणीला. आईला दे."

मी रिसीव्हर दिला. हरलेच म्हणायचं. आत्यांनी या वेळी पाठ केली नाही.

"म्हेश, ऐक. खोली बगितलीया मी. कापसहेड्याला. कंपनीपासनं पायी जाण्याजोगी. दोन खोल्या, पाणी आत, मालकीण बरी हाय. द्वारकेचा भाऊ ऱ्हातो शेजारीच. मार्चपासनं धा तरी बगितल्या, ही बरी. ... कोण म्हंजे? मी बगनार पोरीकडं. मी ऱ्हातीय हितंच. ... गावाकडचं तुझा चुलता बगंल. ... तुला इचारत न्हाई म्हेश, सांगतीय."

मी बूथच्या दाराला टेकून उभी. मंदिर! ते धुळीचे पाय. गॅसची टाकी. दाखला. मी मूर्ख, मूर्ख, मूर्ख.

परत येताना मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आत्या, मला का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "नोकरीचं मला द्वारकेकडनं कळलं हुतं, पन तू पास व्हायच्या आधी सांगून काय करू? तू न्हाई झाली असतीस तर तुला वाईट वाटलं असतं, खोली बगून ठेवली हुती म्हणून."

थोडं चालून मग म्हणाल्या, "तुजं सासरं पलटणीत हुतं तवा मी गावीच. येती का म्हणून मला कुनी इचारलंच न्हाई. ते गेले, आन मी पेन्शनच्या कागदावर आले, 'शहाजी फडतरे यांची विधवा'. तू परत येऊ नगंस गावाला. सुट्टीला ये."

'झाल्या समद्या? दुसरं कुनी ऱ्हायलं न्हाई न्हवं?' हे तेव्हाचं शब्द न् शब्द आठवलं. मी रजिस्टर चाळलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईकडे पाहिलंही नव्हतं.

६ जून, शनिवार

कापसहेडा. कालपर्यंत सामान लावत होते. पाणी आत आहे, पण सकाळी तासभरच. सोनमला शाळेची बस मोठ्या रस्त्यावरून मिळेल, शाळा उघडली की. मालकिणीशी आत्यांचं रोज एकदा भांडण होतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. कंपनीतली पोरंही मला आंटी म्हणायला बघत होती, पहिल्याच दिवशी मोडून काढलं.

शनिवारी अर्धा दिवस असतो. मॅडमनी सेंटरचं काम माझ्याकडेच ठेवायला सांगितलं आहे, म्हणून दुपारी आत्यांना घेऊन कँटोन्मेंटला गेले. आधी माझी ओळ उघडली आणि पत्ता बदलला. एकाच जागी बदलावा लागला.

मग एक दाबलं, नवीन नाव घालणे. कृष्णाबाई शहाजी फडतरे. पत्ता, कापसहेडा. जवानाच्या नंबराचा रकाना आला. त्यात यांचा नंबर घालता आला असता. मी आत्यांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मोकळा." मी एंटर दाबलं आणि ओळ जाऊन बसली.

"माजा नंबर कितवा?"

"दोनशे चौदा."

येताना बसमध्ये गर्दी होती. आत्या खिडकीशी बसल्या आणि सोनमला मांडीवर घेऊन तिच्याकडून हिंदीत तो आकडा शिकत राहिल्या. कापसहेड्याचा स्टॉप येईपर्यंत तो त्यांना पाठ झाला होता.